कॉट्सवोल्ड्समध्ये जुनं दगडी घर घ्यायचंय? आधी एक हिवाळा भाड्याने राहा

तुमच्या मिस्टरांना इंग्लंडात चेल्टनहॅमला नोकरी लागलीय; शहरात फ्लॅट घेण्यापेक्षा कॉट्सवोल्ड्सच्या, म्हणजे शेजारच्या टेकड्यांच्या भागातल्या, एखाद्या खेड्यात जुनं दगडी घर घ्यावं असं मनात आहे, ते कितपत जमेल, असं विचारलंत. जमेल. पण आल्या आल्या विकत घेऊ नका. त्याच भागात भाड्याने राहा आणि एक हिवाळा पुरा निघू द्या. मी नॉर्थलीचच्या बाजूला राहते, म्हणून इकडचंच सांगते.

तुम्ही फोटो पाठवलाय तो बायबरी गावातल्या आर्लिंग्टन रो या दगडी घरांच्या रांगेचा. ती मुळात घरं नव्हतीच. चौदाव्या शतकात मठाच्या लोकरीचं कोठार म्हणून ती इमारत बांधली, विणकरांची बिऱ्हाडं तिथे आली सतराव्या शतकात. आज ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. इथला जुना पैसा सगळा मेंढीच्या पाठीवरचा. नॉर्थलीचच्या चर्चमध्ये लोकर-व्यापाऱ्यांच्या थडग्यांवर पितळी पत्रे आहेत, त्यांत शेठजींच्या पायाशी मेंढी नाहीतर लोकरीचा गठ्ठा कोरलाय. ते जरूर बघा. बायबरीत मात्र उन्हाळ्यातल्या रविवारी गाडी घालू नका.

आता मुद्द्याचं. असं घर बहुधा ‘लिस्टेड’, म्हणजे जतन करायच्या वारसा-इमारतींच्या सरकारी यादीत असतं. ग्रेड वन, टू-स्टार आणि टू अशा तीन पायऱ्या. नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टूमध्येच मोडतात. ग्रेड टू म्हणजे फक्त दर्शनी भाग सांभाळायचा, असा कुणी समज करून दिला तर विश्वास ठेवू नका. आतला जिना, जुनी चूल, फळ्यांची जमीन, सगळं त्यात येतं. खिडक्या बदलायच्या असोत की फोडणीचा धूर बाहेर काढायला भिंतीला भोक पाडून एक्झॉस्ट बसवायचा असो, कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, परवानगी हवी. अर्जाला फी नाही, निकाल साधारण ८ आठवड्यांत अपेक्षित. नकाशे काढून घ्यायचा खर्च मात्र आपला. विनापरवानगी काम करणं १९९०च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. खरी मेख पुढे आहे. आधीच्या मालकाने चोरून काही बदललं असेल तर गुन्हा त्याचा, पण ते पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला येते. तिला कालमर्यादा नाही. ही यादी हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी संस्था ठेवते; म्हणून तिच्यातलं घराचं वर्णन आधी वाचा (ऑनलाइन फुकट आहे) आणि तो कागद हातात धरूनच घर बघा.

दुसरी गोष्ट ओल. पुण्यातल्या जुन्या वाड्यांसारखंच हे बांधकाम: दगड, चुना, लाकूड. भिंत ओल पिते आणि चुन्यातून सोडून देते. मग कुणीतरी हौसेने सिमेंटने दरजा भरतो आणि ओल आत कोंडते. घर बघताना सोफ्यामागची, कपाटामागची भिंत हाताने चाचपा. रंगाचे पापुद्रे, पांढरी खारी पूड, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत डाग दिसले की समजायचं. आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर ती जास्तच चाचपा. बँकेच्या व्हॅल्युएशनवर विसंबू नका. जुन्या घरांची सवय असलेला चार्टर्ड सर्व्हेअर (घराची तपासणी करणारा अधिकृत तज्ज्ञ) स्वतः लावा.

कित्येक खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही. अंगणात टाकी, तिच्यात हीटिंगचं तेल. शेजारीपाजारी मिळून मागवलं तर जरा स्वस्त पडतं. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडायला आता बंदी आहे, तेव्हा ते कुठे जातं हे वकिलामार्फत लेखी विचारा. गावच्या चर्चच्या डागडुजीचा बोजा घरावर नाही ना, हेही त्यालाच बघू द्या. हसू नका, ही जबाबदारी मध्ययुगापासून चालत आलीय आणि लोक त्यापायी कोर्टापर्यंत गेलेत.

गाडीवाचून इथे पान हलत नाही. बस दिवसाला दोन-चार, संध्याकाळी नाहीच. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, पुढे परीक्षा. कढीपत्त्यासाठी ग्लॉस्टर गाठायचं. डिसेंबरात चारला अंधार पडतो आणि गल्लीत दिवे नसतात. म्हणून तर हिवाळ्याचं सांगितलं.

माणसं? आपल्यासारखं न सांगता कुणी दारात येणार नाही. ओळख व्हायची तर आपणच जायचं: पबमध्ये, व्हिलेज हॉलच्या केक-विक्रीला, नाहीतर चर्चच्या घंटा वाजवायला. घंटावाल्यांना माणसं कायम कमी पडतात आणि बहुतेक ठिकाणी तुमचा धर्म कुणी विचारत नाही. त्यात गाण्यासारखी चाल नसते. घंटांचा क्रम दर फेरीला बदलत जातो, निव्वळ गणित. तुमच्या मुलीला गणिताची आवड आहे म्हणता, तिला रमेल. पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, बैठक सगळ्यांना खुली असते. विषय खड्डे, कुंपणं आणि कुत्र्यांची घाण, पण तिथे गेलं की गाव कळतं. भारतीय नागरिक म्हणून इथे राहायला आल्यावर तुम्हाला मतदार यादीतही नाव घालता येतं, ते घाला.

मोरटन-इन-मार्शजवळ सेझिंकोट म्हणून हवेली आहे. मुघली घाटाची, वर तांब्याचा घुमट. कंपनी सरकारात पैसा केलेल्या कॉकरेल घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली. आपल्याकडचा पैसा इकडे काय काय करून बसलाय ते तिथे दिसतं.

घरं बघायला जानेवारीत, पाऊस चालू असतानाच जा. एखादं मनात भरलं तर ऑफर देण्याआधी वारसा-यादीतल्या त्याच्या नोंदीचा उतारा मला पाठवा, कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला (जुन्या इमारतींचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) काय काय विचारायचं ते लिहून देते.