सात शिट्ट्या झाल्या तरी राजमा कडकच!

प्रश्न : ताई, आमच्या पोरीनं मोबाईलवर मेक्सिकोवाल्या बीन्स पाह्यल्या अन् मागंच लागली, मले तेच पाह्यजे म्हणे. बजारातून एक किलो राजमा आणला, रातभर भिजू घातला, सकाळी कांदा, टमाटर, चिंचेचा कोळ सगळं एकदमच कुकरात टाकलं अन् सात शिट्ट्या घेतल्या. साल मऊ अन् आत खडा! दुसऱ्या खेपेला जाऊबाईच्या सांगण्यावरून चमचाभर खायचा सोडा टाकला तं पार लगदा झाला, चव साबणासारखी. पाणी बोअरचं हाये, तुरीची दायही त्यात धड शिजत नाही. काहून असं होते? अन् मेक्सिकोत हाच राजमा खातात का दुसरा?
— एक वाचक, चांदूर बाजार तालुका

उत्तर : कुकरला उगाच बोल लावू नका, तुमचा राजमा टमाटर अन् चिंचेनं अडवला. आंबट लवकर पडलं की दाण्यातलं पेक्टिन, म्हणजे दाण्याला आतून चिकटवून धरणारा डिंकच, सुटतच नाही, मग सात काय सतरा शिट्ट्या घ्या. त्यात बोअरचं जड पाणी, त्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं, तुमची तुरीची डाळ अडते तीही त्याच्याचपायी. पाणी जड आहे का ते ओळखायला काही मशीन नको, साबणाला फेस येत नसेल अन् चहाच्या गंजाला (पातेल्याला) आतून पांढरा थर धरत असेल तर जडच. आमच्या दर्यापूरकडं खारपाणपट्टा आहे, तिथं लोक म्हणतात खाऱ्या पाण्यानं डाळ शिजत नाही, पण अडवतो तो जडपणा, मीठ नाही. उलट भिजवायच्या पाण्यात मीठ घाला, १ लिटरला साधारण १ मोठा चमचा, साल मऊ पडते अन् फाटत नाही. मीठ आधी घातलं की दाणा कडक राहतो हे माझी सासूही सांगायची, मीही वीस वर्षं तसंच करत आले, एकदा दोन वाट्या वेगवेगळ्या भिजवून पाहिल्या तेव्हा कुठं पटलं. शिजवायला मात्र फिल्टरचं नाहीतर पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. तेही नसेल तर सोडा चालतो, पण दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढाच. चमचाभर म्हणजे बाई तुम्ही धुणंच धुतलं.

आणखी एक कारण, दाणा जुना असेल. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कोठीत वर्ष-दोन वर्षं तापलेला राजमा काही केलं तरी आतून दगडच राहतो. मी एकदा बाजारातून स्वस्तात दोन किलो आणला होता, दुकानदार म्हणे नवा माल, तीन दिवस तीन तऱ्हेनं शिजवून पाहिला अन् शेवटी भरडून म्हशीच्या आंबोणात शिजवून घातला. घेतानाच पाहायचं, साल चमकदार असावी, सुरकुतलेली अन् तडकलेली नको.

आता तोच का दुसरा. जात एकच, वळण वेगळं. आपला मोठा लाल राजमा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगराकडचा, अन् मेक्सिकोच्या घरात रोज शिजतात ते पिंटो म्हणजे ठिपक्यांचे, नाहीतर काळे बारीक दाणे, उत्तरेत पिंटो जास्त, दक्षिणेत काळे. ते शोधत नागपूरला जायची गरज नाही. चित्रा राजमा मिळतो, किंवा साताऱ्याकडं कोरेगावचा वाघ्या घेवडा, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय, तो ठिपक्या-रेघांचा दाणा पिंटोच्या बराच जवळ जातो. बरबटीचं (चवळीचं) मात्र करू नका, ती चांगली लागते पण ती वेगळीच गोष्ट झाली.

अन् त्यांची पद्धत ऐकाल तर तुम्हाला वाटेल हे काय, आजाऱ्याचं जेवण! फ्रिहोलेस दे ला ओया म्हणतात, म्हणजे सरळ हंडीतले बीन्स. दाणे, पाणी, अर्धा कांदा, दोन-तीन लसणाच्या पाकळ्या, थोडी चरबी, मीठ. झालं. फोडणी नाही, हळद नाही, गरम मसाला तर बिलकुल नाही, अन् तुम्ही टाकलाच तर ती उसळ होते, उसळ म्हणून खा, मेक्सिकन म्हणून पाहुण्याला वाढू नका. ते एपाझोते नावाची उग्र वासाची पानंही टाकतात, ती चाकवताच्या नात्यातली, पण चाकवत टाकून तो वास येत नाही. मी सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या अन् चिमूटभर ओवा टाकते, तंतोतंत नाही पण बरं लागतं. चरबी तिकडं डुकराची असते, आपण फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल घ्यायचं.

भिजवलेलं पाणी फेकून द्या, नवं पाणी दाण्यांच्या वर तीन बोटं. कुकरात चार शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर वीसेक मिनिटं, अन् वाफ आपोआप जाऊ द्या, पळीनं शिट्टी उचलू नका, दाणे फुटतात. नंतर मी झाकण काढून अर्धा तास तसंच खदखदू देते, खरी चव तेव्हा येते, पाणी दुधाळ तपकिरी होतं, पळीवरून जाड उतरतं. शिजलं का पाहायला तीन-चार दाणे चमच्यात घेऊन फुंकर मारा, सालीला बारीक चीर पडून ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी वळली की समजा जमलं. तरी पाच दाणे खाऊन पाहा, एकही कचकचला तर अजून दहा मिनिटं. टमाटर, लिंबू जे काय आंबट असेल ते यानंतर.

प्रश्न : चुलीवर मातीच्या गाडग्यात केलं तर? निखाऱ्यावर रातभर ठेवून देऊ का?
— एक वाचक, पवनी

उत्तर : गाडग्यात करा, तिकडंही मातीच्याच हंडीत करतात. पण नुसत्या निखाऱ्यावर सुरुवात करायची नाही, हे जरा ध्यान देऊन वाचा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी दोन-तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात, अन् लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास, ते मरत नाही, उलट वाढल्यासारखं होतं. म्हणून आधी चांगला जाळ घालून खळखळ उकळी, निदान १० मिनिटं, मी तर अर्धा तास ठेवते, मग लाकडं मागं ओढा अन् निखाऱ्यावर दोन तास सोडून द्या. रातभर नको. मध्ये पाणी घालायचं तर गरमच घाला, थंड पाण्यानं तापलेलं गाडगं तडकतं.

प्रश्न : उरलेल्याचं काय करावं? आमच्याकडं फ्रिज नाही.

उत्तर : सकाळचं संध्याकाळीच संपवा, मे महिन्यात तर भिजवतानाच आठ तासांत फेस येतो, तेव्हा पाणी दोनदा बदला. उरलेल्याचे रिफ्रिटोस करा. नाव ऐकून लोक म्हणतात दोनदा तळलेले, तसं नाही, चांगले परतलेले असा त्याचा अर्थ. कढईत तेल जरा सढळ, बारीक कांदा लाल होऊ द्या, दाणे थोड्या पाण्यासकट घाला अन् पेल्याच्या बुडानं चेचत राहा, मधूनमधून अख्खे दाणे राहू द्या. कढई हलवली की सगळा गोळा एकसंध सरकला म्हणजे उतरवा. वरून भिवापुरी मिरचीचं तिखट भुरभुरा. तिकडं मक्याच्या रोट्यांसोबत खातात, मेळघाटात मक्याची भाकर करतातच, पण मला विचाराल तर ज्वारीची गरम भाकर, सोबत कच्चा कांदा अन् लिंबू.