रोजच्या जाण्यायेण्यासाठी सेकंड हँड गाडी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुन्या गाडीबद्दल या वेळी भरपूर प्रश्न आलेत. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, आणि एकाच्या उत्तरात दुसऱ्याचंही उत्तर असू शकतं, त्यामुळे आपला प्रश्न दिसला नाही तरी सगळं वाचून काढा.

प्रश्न : सर, ऑफिस घरापासून ३५ किमी, मी एकटाच जातो, बजेट कमी आहे. प्रत्येक मित्र वेगळं मॉडेल सांगतो. एकजण म्हणतो तेवढ्याच पैशात जुनी लक्झरी गाडी मिळते, तीच घे. नक्की काय घेऊ?

मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा, आधी तुमचा रोजचा रस्ता बघा. जाऊन येऊन ७० किमी, म्हणजे सुट्ट्या सोडल्या तरी वर्षाला साधारण १८ हजार किमी होतात. दर १० हजाराला सर्व्हिसिंग धरलं तर वर्षात जवळजवळ दोन सर्व्हिसिंग आणि अडीच-तीन वर्षांत टायरचा अख्खा सेट. हा खर्च गाडी कुठलीही घ्या, येणारच आहे, फक्त तो गाडीप्रमाणे लहान किंवा मोठा होतो. लक्झरी गाडीचं इथेच फसतं. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते पण तिच्या पार्टची किंमत उतरत नाही, एअर सस्पेन्शन किंवा गिअरबॉक्सचं काम निघालं तर बिल नवीन गाडीवाल्याला येईल तेवढंच तुम्हालाही येणार. रोज कामावर पोचायचंय, तेव्हा हा मोह सोडा.

तुमच्यासारख्याने साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन बघावं, जे खूप वर्षं बनतंय आणि खूप विकलं गेलंय. टोयोटा कोरोला १९६६ पासून बनतेय आणि आतापर्यंत ५ कोटींहून जास्त विकल्या गेल्यात. अशा गाडीचे पार्ट सहज मिळतात, तिचे रोग मेकॅनिकला पाठ असतात. होंडा सिव्हिक, होंडा जॅझ, सुझुकी स्विफ्ट ह्यापण त्याच जातीच्या. आणखी एक, एखादं मॉडेल पूर्ण नवीन रूपात आलं असेल तर त्याच्या पहिल्या वर्षातली गाडी शक्यतो टाळा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत कंपनीने बऱ्याच चुका दुरुस्त केलेल्या असतात.

पण यापेक्षा महत्त्वाचं सांगतो. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या घ्या, एकीचं ऑइल वेळेवर बदललंय आणि दुसरीचं नाही, तर त्या दोन वेगळ्याच गाड्या आहेत असं समजा. नाव चांगलं म्हणून गाडी चांगली असं होत नाही. तुम्ही मॉडेल विकत घेत नाही, समोर उभी असलेली ती एक गाडी विकत घेताय, म्हणून बघायची ती तिची बिलं, तिची सर्व्हिस हिस्टरी, आणि ज्याने चालवली तो माणूस. मालकाला दोन प्रश्न विचारा, शेवटचं ऑइल कधी बदललं आणि गाडी का विकताय. नीट वापरणारा माणूस पटकन सांगतो, बिलांची फाइल काढून देतो. अशा मालकाची जरा कमी नावाजलेली गाडीसुद्धा मी आधी घेईन.

प्रश्न : १२ वर्षं जुनी, फक्त ४५ हजार किमी चाललेली गाडी बघितलीय. दुसरी ६ वर्षांची पण १ लाख ४० हजार किमी झालेली. घरचे म्हणतात कमी रनिंगचीच घे. बरोबर का?

बिलं असतील तर मी दुसरी घेईन. पटायला जड आहे, पण हिशोब करा ना, १२ वर्षांत ४५ हजार म्हणजे वर्षाला चार हजारसुद्धा नाही, म्हणजे ती गाडी बहुतेक जवळजवळच फिरली किंवा महिनोन्महिने उभी राहिली. जवळच्या फेरीत इंजिन पूर्ण गरम होत नाही, आत पाण्याचा ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमधे साचतं, एक्झॉस्ट आतून गंजतो. रबर तर वयानेच कडक होतं, मग ते होज असोत, बुश असोत, सील असोत की टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनशी जुळवून फिरवणारा पट्टा. त्या बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, हे लोक विसरतात, आणि बऱ्याच इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात, मग इंजिनच उघडावं लागतं. दुसरी गाडी वर्षाला २३ हजार चाललीय, ती लांबच्या मोकळ्या रस्त्यावर चालली असेल तर इंजिन गरम, गिअर टॉपला, क्लच-ब्रेकचा वापर कमी. असे किलोमीटर गाडीला फार झिजवत नाहीत.

फक्त मीटरवरचा आकडा खराच आहे का ते तपासा, कारण तो मागे फिरवणारे सगळीकडे आहेत. सर्व्हिसच्या बिलांवर किमी लिहिलेले असतात, ते तारखेप्रमाणे वाढत गेलेत का बघा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू दबलीय आणि मीटर म्हणतंय ४० हजार, तर विषय तिथेच संपवा.

प्रश्न : रोजचं अंतर फक्त ५-६ किमी आहे. डिझेलचा अ‍ॅव्हरेज चांगला म्हणून डिझेल घ्यावी का?

नको. नव्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला, आणि ती काजळी जाळून टाकायला तिथलं तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. ५-६ किमीमधे ते होत नाही, फिल्टर तुंबतो आणि तो बदलणं फार महाग असतं. डिझेलमधे वाचवलेले पैसे एका फटक्यात जातील. तुम्ही छोटी पेट्रोल बघा, किंवा घरी चार्जिंगची सोय असेल तर जुनी इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिकमधे इंजिन गरम होण्याचा प्रश्नच नाही, पण बॅटरीची किती क्षमता शिल्लक आहे ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. निसान लीफच्या पहिल्या पिढीत बॅटरीला पाण्याने थंड करायची सोय नव्हती, त्यामुळे गरम हवेत राहिलेल्या गाड्यांची बॅटरी लवकर उतरली. त्या गाडीत डॅशबोर्डवर क्षमतेचे १२ बार असतात, ते मोजा.

प्रश्न : मला गाडीतलं काहीच कळत नाही. बघायला गेल्यावर नेमकं काय बघू? मी कॉलेज संपवून पहिलीच नोकरी धरलीय.

अभिनंदन! तुला सगळं कळायची गरज नाहीये, पण काही गोष्टी कुणालाही जमतात. आधी मालकाला सांग की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लाव, गरम लागलं तर विचार का गरम आहे. थंड इंजिन खरं बोलतं, गरम झाल्यावर बरेच आवाज लपतात. थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडून आत बघ, पांढरट मलईसारखं काही दिसलं तर ऑइलमधे पाणी जातंय अशी शंका घे. थंडीत जवळ जवळ फिरणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडं दिसू शकतं, पण डिपस्टिकवरसुद्धा असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधल्या सीलचा, प्रश्न असू शकतो. कूलंटची टाकी बघ, त्यात ऑइलचा तवंग नको. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नकोस, भाजशील.

मग चावी फिरव पण लगेच स्टार्ट करू नको. डॅशबोर्डवर चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि स्टार्ट झाल्यावर गेले पाहिजेत. लागलेच नाहीत तर कुणीतरी दिवाच बंद करून ठेवलाय असं समज. सेल्फ मारताना मागे कुणालातरी उभं कर, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येतच राहिला तर कूलंट जळत असणार. सुरुवातीला थंडीत थोडी वाफ येते ती चालते.

चालवताना म्युझिक बंद, काचा खाली. तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे कमी स्पीडला असताना अ‍ॅक्सिलरेटर दाब, आरपीएम (इंजिनचे फेरे) वर जातोय आणि गाडी ओढत नाही तर क्लच प्लेट गेलेली आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाब, गाडी एका बाजूला जाते का, स्टिअरिंग थरथरतं का बघ. खराब रस्त्यावर पण ने, खडखड आवाज तिथेच कळतो. एसी लावून ट्रॅफिकमधे दहा मिनिटं उभी कर आणि टेंपरेचरचा काटा बघ. विकणारा म्हणेल एवढं कशाला, म्हणू दे.

टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, २३१९ लिहिलंय तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर दिसली तरी जुना टायर कडक झालेला असतो. खोबणीत छोटे उंचवटे असतात, १.६ मिमीचे, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर सस्पेन्शन किंवा अलाइनमेंटचं काम आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते, कार्पेटखाली हात घाल, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गंज बघ. बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नकोस, तिचं वायरिंग वर्षभराने त्रास देतं.

आणि चासी नंबर म्हणजे १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन लिहून घे, कंपनीच्या साइटवर तो टाकून रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का बघता येतं. टकाटा कंपनीच्या एअरबॅग दमट-गरम हवेत खराब होऊन उघडताना धातूचे तुकडे उडायचे, त्यापायी वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जुन्या गाडीत तो पार्ट अजून बदललेला नसू शकतो, आणि बदलून फुकट मिळतो. हे नक्की कर.

प्रश्न : मालक म्हणतो मेकॅनिकला दाखवायची गरज नाही, गाडी एकदम ओके आहे, आजच टोकन द्या. द्यावं का?

उठून या.

प्रश्न : आम्ही दोघंही ट्रॅफिकमधे रोज दोन तास अडकतो. ऑटोमॅटिक घ्यायची आहे, पण दुरुस्ती महाग पडते असं ऐकलंय. हायब्रिड कशी?

तुमच्या रस्त्याला हायब्रिड शोभते. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते, त्यामुळे थांबत-थांबत जाण्यातच तिचा फायदा जास्त. टोयोटा प्रियस १९९७ ला आली, जगभर टॅक्सी म्हणून भरपूर चाललीय, तेव्हा भीती बाळगू नका. बॅटरी मात्र स्कॅनर लावून तपासून घ्या, आणि मागच्या सीटजवळ बॅटरीला थंड हवा देणारी जाळी असते ती धुळीने भरलीय का बघा, ती तुंबली की बॅटरी तापते.

साधी ऑटोमॅटिक घ्यायची तर जुनी टॉर्क कन्व्हर्टरवाली बरी, तिच्यात इंजिनची ताकद क्लचऐवजी ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते. कोरड्या क्लचवाली ड्युअल क्लच, म्हणजे आपोआप चालणारे दोन क्लच असलेली, ट्रॅफिकमधे तापते, ती तुमच्यासाठी नाही. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, चालेल, पण तिचं ऑइल बदलल्याचं बिल हवंच. बऱ्याच मालकांना हे ऑइल आयुष्यभर चालतं असं सांगितलेलं असतं, त्यामुळे ते कधी बदललेलंच नसतं. हळू वेगात झटके किंवा थरथर जाणवली तर सोडून द्या.

प्रश्न : सगळे पैसे गाडीत घातले तर चालेल का, नंतरचं नंतर बघू?

नाही हो. बजेटचा दहावा-आठवा भाग बाजूला काढा आणि उरलेल्यातच गाडी शोधा. घेतल्या घेतल्या इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट बदला, मालक काहीही म्हणो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा खेचतं म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि जुन्या गाडीत बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं. टायमिंग बेल्ट बदलल्याचा कागद नसेल तर बदललेला नाही असं धरून आधी तो टाकून घ्या. बॅटरी मल्टिमीटरने बघा, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.७ ते १४.७. चालू असताना त्याच्या खाली आलं तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा पार्ट) दाखवा, नाहीतर नवीन बॅटरी टाकाल आणि तीपण उतरेल.