नळी सारखी तुंबते, आणि ती घरात फक्त मलाच जमते

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे, आकडीची औषधं चालू आहेत. गिळताना ठसका लागून दोनदा न्यूमोनिया झाला, म्हणून आठ महिन्यांपूर्वी पोटात नळी बसवली. नाचणीची पेज, मिक्सरमधून काढलेला डाळभात आणि कुटलेल्या गोळ्या नळीतून देते. आठवड्यातून दोनतीनदा नळी तुंबते. सासूबाई भीतीने हात लावत नाहीत, मिस्टर रात्रपाळीला. मला घर सोडता येत नाही. दहा वर्षांचा थोरला मुलगाही हल्ली गप्प गप्प असतो.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुमचा पहिला संशय नाचणीवर असू द्या. पेज वाटीत पातळ दिसते, पण गार होता होता आळते, आणि ते आळणं नळीतही चालूच राहतं. नुसतं पाणी वाढवून ती पातळ करू नका. त्याने पोट भरतं, वजन मात्र वाढत नाही. नाचणीला मोड आणा, वाळवा, भाजा, दळा. या पिठाची पेज बरीच कमी आळते. पेज असो वा डाळभात, मिक्सरनंतर मलमलच्या फडक्यातून गाळा आणि कोमट असतानाच द्या. डाळीचं साल, जिऱ्याचा एखादा दाणा एवढंही नळीला पुरतं.

दुसरं कारण गोळ्या. औषध पेजेत कधीच कालवू नका. प्रत्येक औषध वेगळं, पाण्यात पूर्ण विरघळवून द्या आणि दोन औषधांच्या मध्ये ५ मिली पाणी सोडा. सिरप मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा. पाकिटावर एसआर, सीआर किंवा ईआर लिहिलेली गोळी कुटायची नाही, कारण दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. भरवण्याआधी आणि नंतर १० ते २० मिली उकळून कोमट केलेलं पाणी सोडा. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं असेल, तर हेही त्यात धरा.

तुंबलीच तर आधी क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) उघडा आहे ना आणि नळीला पीळ पडलाय का, ते बघा. मग ५० किंवा ६० मिलीची सिरिंज लावून आधी हलकेच मागे ओढा. थोडं कोमट पाणी घेऊन अलगद पुढे-मागे करा, पंधरा-वीस मिनिटं क्लॅम्प लावून ठेवा, पुन्हा करून बघा. छोट्या सिरिंजने जोर लावू नका. तिचा दाब कितीतरी जास्त पडतो, नळी फाटू शकते. तार, सुई घालायचीच नाही. तरी मोकळी झाली नाही तर दवाखाना गाठा. जेवण थोडं लांबलं तर चालेल, आकडीच्या औषधाची वेळ चुकता कामा नये.

नळी निसटून बाहेर आली, तर भोक काही तासांतच आकसू लागतं. स्वच्छ गॉज लावून, निघालेली नळी सोबत घेऊन लगेच निघा. कुठे जायचं आणि त्याच मापाची जादा नळी घरी ठेवायची का, हे सर्जनना आत्ताच विचारून ठेवा.

आता सासूबाई. आपल्या हातून पोरीला काही होईल, ही त्यांची भीती खरी आहे. तेव्हा सुरुवात पेजेने नको, साध्या पाण्याने करा. दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला लावून त्यांच्या हातात द्या. सिरिंज वर धरली की पाणी भरभर उतरतं, खाली आणली की सावकाश. हे दोनचार वेळा डोळ्यांनी पाहिलं की हात स्थिर होतो. मग पेज : २०० मिलीला २० ते ३० मिनिटं. मुलीला ठसका किंवा उमासा आला की सिरिंज खाली आणून थांबायचं. भरवताना आणि नंतर किमान अर्धा तास तिची पाठ ३० ते ४५ अंश उंच हवी.

फ्रीजवर एक कागद चिकटवा. त्यावर वेळा, मिली, औषधं आणि नळीवर छापलेला फ्रेंच नंबर, म्हणजे नळीच्या जाडीचं माप, लिहा. आकडीचं ठळक लिहा : कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे द्या आणि १०८ ला फोन करा.

मिस्टर पाळीवरून आल्यावरचं सकाळचं भरवणं त्यांचं, आणि सुट्टीची रात्रही त्यांचीच. तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. त्याच खोलीत असाल तर प्रत्येक खोकल्याला तुम्हीच उठाल.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, ओपीडी आणि थेरपीचा खर्चही बसतो.

थोरल्याला मदतनीस करू नका. बहिणीला काय झालंय, ते त्याच्यामुळे झालेलं नाही आणि त्याला होणारही नाही, हे त्याला सरळ शब्दांत सांगा. मुलं हे विचारत नाहीत, मनात मात्र धरून बसतात. सासूबाईंचा हात बसला की संध्याकाळचं भरवणं त्यांच्याकडे द्या. तो अर्धा तास थोरल्याचा. त्याला घेऊन घराबाहेर पडा, कोपऱ्यापर्यंत का होईना.