"डाय दिला तर किडनी जाईल, मग पायाचं काय करायचं?"

डायबेटिस जुना, किडनी आधीच कमजोर आणि वर पायाची रक्तवाहिनी ब्लॉक, अशा पेशंटच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. (डाय म्हणजे अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध.) मागे एक काका मुलीसोबत आले होते (ओळख पटेल असे तपशील बदललेत), क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) 2.8, म्हणजे बरंच वाढलेलं, आणि पायाच्या अंगठ्याला जखम, काही केल्या भरत नव्हती. मोजा काढायलाच तयार नव्हते. मी म्हटलं राहू दे काका, आधी बोलूया. मग हळूहळू निघालं की त्यांच्या ओळखीतले एक जण अँजिओग्राफीनंतर डायलिसिसवर गेले होते. "मला मशीनवर जगायचं नाही, पाय जाऊ दे गेला तर." मुलगी नुसती खाली बघत होती.

मी सांगितलं की काका, तुमची भीती खोटी नाहीये. अँजिओग्राफीत आयोडीनवाला डाय देतात आणि कमजोर किडनीला त्याचा त्रास होऊ शकतो, सगळ्यांना होतोच असं नाही पण होऊ शकतो. पण म्हणून किडनी नाहीतर पाय, एकच काय ते निवडा, असं कुणी म्हटलंय का तुम्हाला? कुणीच म्हटलं नव्हतं, त्यांनीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग व्हॅस्क्युलर सर्जनना (रक्तवाहिन्यांच्या सर्जनना) काय विचारायचं ते आम्ही तिघांनी मिळून कागदावर लिहिलं, पहिलाच प्रश्न होता की डायऐवजी सोनोग्राफीवर बघून बलून करता येईल का, म्हणजे ब्लॉक आतून बलून फुगवून उघडता येईल का? डॉक्टरांनी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलं, ब्लॉक मांडीतल्या धमनीत होता, म्हणाले प्रयत्न करता येईल. यात जांघेत भूल देऊन सुई घालतात तीसुद्धा सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, मग वायर ब्लॉकमधून पुढे जाताना स्क्रीनवर दिसते, बलून फुगवतात आणि रक्त किती वेगाने जातंय ते तिथल्या तिथे डॉपलरवर मोजतात. डाय अगदी कमी लागतो, कधी लागतच नाही.

पण सगळ्यांचं यावर भागत नाही हेही मी आधीच सांगून ठेवलं. धमनीत कॅल्शियम साचलं असेल तर त्याच्या सावलीत पुढचं दिसत नाही, ओटीपोटातल्या धमन्या आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसत नाहीत, आणि अशा वेळी थोडा डाय किंवा त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड गॅस वापरतात. शिवाय करणाऱ्याचा हात आणि नजर तयार हवी, सगळीकडे ही सोय नसते.

एक गोष्ट काकांनी मला दोनदा सांगायला लावली. 1964 मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी जगातली पहिली अँजिओप्लास्टी (ब्लॉक झालेली वाहिनी आतून उघडणं) केली ती हृदयावर नाही, पायावरच, 82 वर्षांच्या बाईंवर, ज्यांनी पाय कापायला नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. हे ऐकून काका सरळ बसले आणि स्वतःच मोजा काढला.

काकांना शेवटी थोडासा डाय लागलाच, पण आधीच माहीत असल्यामुळे घाबरले नाहीत. नंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन होतं तेवढंच राहिलं, जखम भरायला मात्र बरेच महिने लागले, रोजचं ड्रेसिंग मुलीने केलं. रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी चालूच आहे आणि तंबाखू बंद, त्यावर आमचं अजून बोलणं होतं कारण ती सुटायला वेळ लागतो आणि चालू राहिली तर उघडलेली वाहिनी परत बंद व्हायचा धोका वाढतो.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नका, डायबेटिसमध्ये नसा बधिर होतात, जखम दुखतच नाही. घोट्याचं ब्लड प्रेशर नॉर्मल आलं तरी पायाच्या बोटाचं प्रेशर मोजायला सांगा, कारण कडक झालेल्या धमन्यांमुळे घोट्याचा आकडा खोटाच चांगला येतो. आणि पाय अचानक गार, पांढरा पडला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, तडक इमर्जन्सीत न्यायचं, तिथे तास मोजले जातात.