पगार नंतर विचारा, दुकानातून सुटका किती वाजता ते आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अकरावी कॉमर्सला, घर कात्रजला, कॉलेज पुण्याच्या पेठेत सकाळचं. दिवाळीच्या आधीपासून लक्ष्मी रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात दुपारी चार ते रात्री दहा, रविवारी पूर्ण दिवस, सोमवारी सुट्टी. महिना 7,000 रुपये. वडिलांचं काम सुटल्यापासून त्यातून लाइट बिल आणि धाकटीचा क्लास भागतो. सहामाहीत बीकेला, म्हणजे बुक-कीपिंग या हिशेबाच्या विषयाला, 50 पैकी 11 पडले. वडील म्हणतात नोकरी सोड, तो म्हणतो सोडणार नाही, आणि तुम्ही मधल्या मध्ये.

मी 27 वर्षं ज्युनिअर कॉलेजला बीकेच शिकवलं. त्याआधी अकरावी-बारावीत स्वतः सदाशिव पेठ आणि नवी पेठेत पेपर टाकले, 1988 ते 1990. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

आधी एक गोष्ट वडिलांसाठी. "तुझ्या पैशांवर घर चालत नाही" हे वाक्य घरात कोणी बोललं असेल तर ते पुन्हा बोलू नका. सोळा वर्षांच्या मुलाने पहिल्या पगाराचं पाकीट आईच्या हातात दिलेलं असतं. ते पैसे नसते तर धाकटीचा क्लास बंद झाला असता, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो नोकरी सोडत नाही यात हट्ट थोडा आहे आणि जबाबदारी जास्त. ती जबाबदारी मानूनच पुढचं बोलावं लागेल, नाहीतर तो ऐकणार नाही, आणि त्याचं न ऐकणं बरोबरच असेल.

आता तासांचा हिशेब. एका रात्री त्याच्यासोबत बसून हा वहीत मांडा. सकाळी सव्वापाचला उठणं, सहाच्या बसला बाहेर, सातपासून सव्वाबारापर्यंत कॉलेज. मग कात्रजला घरी, जेवण, तीनला पुन्हा बस, चारला दुकान. दहाला शटर, स्वारगेटला बस बदलून घरी अकरा. हातपाय धुऊन दोन घास खाऊन झोपायला बारा. झोप झाली सव्वापाच तासांची. त्या वयाला आठ ते दहा तास लागतात. अभ्यासाला तर या दिवसात कुठे जागाच नाही. म्हणजे 50 पैकी 11 हे आळसाचे गुण नाहीत, झोपेचे आहेत. मुलगा वर्गात उठून बसलेला असतो एवढंच, शिकत नसतो.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो त्याला कारण आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासाला बाकावर डोकं टाकून झोपायचा. मी त्याला दोनदा उभं केलं, तिसऱ्यांदा बाहेर काढलं. बाहेर जाताना त्याने दार धरलं तेव्हा त्याची बोटं दिसली. नखांच्या कडांना जिलेबीचा केशरी रंग बसलेला होता, साबणाने न गेलेला. लग्नसराई होती. तो केटररकडे वाढपी म्हणून जात होता, रात्रीच्या पंगती आटोपून भांडी टेम्पोत चढवेपर्यंत दीड वाजायचा. वडील आजारी होते. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं, सरळ बाहेर काढलं होतं. ते मला आजही टोचतं. त्यानंतर झोपलेल्या मुलाला उठवण्याआधी "काल किती वाजता झोपलास?" एवढं विचारायची सवय लावून घेतली, आणि उत्तर जवळजवळ दर वेळी कामाच्या सुटकेच्या वेळेपाशी जाऊन थांबायचं. पगार कमी की जास्त, काम हलकं की जड, मालक चांगला की वाईट, यापेक्षा काम किती वाजता संपतं यावर मुलाचं वर्ष ठरतं.

माझंच घ्या. पहाटे साडेचारला डेपोवर जायचो. फुटपाथवर बसून पुरवण्या भरायच्या, शाई हाताला लागायची, मग सायकलवरून लाइन टाकायची, म्हणजे ठरलेल्या घरांना पेपर पोचवायचे. पावणेसातला काम खलास. दुपार आणि संध्याकाळ माझी असायची आणि रात्री नऊला मी झोपलेला असायचो. माझ्याच वर्गातला मित्र रात्री हॉटेलात गल्ल्यावर बसायचा, पैसे माझ्या दुप्पट. तो बारावीला बसलाच नाही. हुशारीत तो माझ्या पुढे होता. मला आणखी एक गोष्ट लाभली. आमच्या एजंटने बोर्डाच्या आधी पंधरा दिवस माझी लाइन दुसऱ्या पोराला दिली आणि परीक्षा संपल्यावर परत मला दिली. हे मी त्याच्याशी डिसेंबरातच बोलून ठेवलं होतं. फेब्रुवारीत विचारलं असतं तर त्याला माणूस मिळाला नसता आणि तो "नाही" म्हणाला असता.

अर्थात आज सोळा वर्षांच्या मुलाला पहाटेचं ते काम कायद्याने देता येत नाही. कायद्याचं नीट सांगतो, कारण बहुतेक घरांना "चौदाच्या वर चालतं" एवढंच माहीत असतं. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, फक्त शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावणं आणि कलाकार म्हणून काम करणं, एवढे दोन अपवाद. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना किशोरवयीन म्हटलंय. त्यांना खाणी, स्फोटकं-ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रियांची कामं बंद. बाकी कामं चालतात, पण अटी आहेत. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी काम नाही. सलग तीन तासांच्या वर नाही, मध्ये किमान तासाभराची विश्रांती. ती विश्रांती आणि कामासाठी वाट बघण्यात गेलेला वेळ धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही. ओव्हरटाइम नाही, एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी. मालकाने अशा मुलांची नोंदवहीही ठेवायची असते.

तुमच्या मुलाची सोमवारची सुट्टी सोडली तर बाकी वेळापत्रक यात बसत नाही. म्हणून उद्याच तक्रार करा असं मी म्हणणार नाही. त्याला काही त्रास नाही, पगार वेळेवर मिळतो असं तुम्ही लिहिलंय. पण मालकांशी बोलताना हा आधार तुमच्या हातात आहे. कुठे मारहाण असेल, पगार अडवला असेल, कागद काढून घेतले असतील, तर मात्र 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन चोवीस तास चालू असतो. माझ्या एका विद्यार्थिनीचे दोन महिन्यांचे पैसे एका दुकानदाराने "पुढच्या महिन्यात" म्हणत बुडवले. तिच्याकडे ना हजेरी लिहिलेली, ना पगार खात्यात जमा झालेला, त्यामुळे काहीच सिद्ध करता आलं नाही. दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या सहीने बँक खातं चालवू शकतं. पगार त्याच्याच खात्यात घ्या आणि हजेरी त्याने रोज वहीत लिहावी. कॉमर्सचा विद्यार्थी आहे, त्याची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, तिथूनच सुरू होऊ दे.

आता उद्यापासून काय करायचं? पहिली गोष्ट नोकरीला हात न लावता होते. दुपारी घरी येणं बंद. सव्वाबाराला कॉलेज सुटतं, दुकान चारला उघडतं त्याच्यासाठी, आणि दोन्ही पेठेतच. मधल्या पावणेचार तासांतले दोन बसमध्ये जातात. सकाळी डबा द्या. तुम्हाला वाटेल पोरगं दिवसभर गार जेवणावर राहणार. मला तुमचं कळतं, माझी आईही दारात ताट वाढून उभी असायची. पण डबा खाऊन तो कॉलेजच्या वाचनालयात किंवा जवळच्या एखाद्या अभ्यासिकेत बसला, तर रोज तीन तास मिळतात. त्यातला अर्धा तास टेबलावर डोकं ठेवून झोपला तरी हरकत नाही, उलट झोपू दे.

दुसरी गोष्ट सुटकेची वेळ. मालकांकडे वडिलांनी जावं, मुलासोबत, आणि मागणी स्पष्ट करावी: दुपारी एक ते सात, मध्ये एक तास विश्रांती. तसं झालं तर दुपारचे ते तीन तास कामात जातील, पण पोरगं आठला घरी असेल, गरम जेवेल, तासभर पुस्तक उघडेल आणि दहाला झोपेल. हा सौदा फायद्याचा आहे. एक मात्र खरं सांगतो, कपड्यांच्या दुकानाची गर्दी संध्याकाळी सहा ते नऊच. मालक कदाचित म्हणतील, मला तो त्याच वेळेला हवाय. त्यात त्यांचंही चूक नाही. मग काम बदलायचं.

कॉमर्सच्या मुलाला पेठांमध्ये दिवसा काम मिळतं. कर सल्लागार आणि सीए लोकांची छोटी ऑफिसं, औषधांचे होलसेलर, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आणि त्यांची गोडाउनं. बिलं लावणं, फाइली, स्टॉक मोजणं, जमलं तर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी. सुरुवातीला पगार दीड-दोन हजारांनी कमी येईल, हे गृहीत धरा. पण जे काम दुपारी केलं तेच दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर दिसतं, आणि ते मुलाला आवडतं हे मी पुष्कळदा पाहिलंय. मोबाइल अॅपवरची डिलिव्हरी मात्र नको. मित्र सांगतील "दादाच्या आयडीवर चालतं". अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा घडला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे 2019 पासून मोटार वाहन कायद्यात आहे.

कमी झालेला पगार थोडा भरून निघू शकतो. दहावीला 80 टक्के असतील, मागासवर्गीय किंवा महापालिका शाळेतला असेल तर 70, तर पुणे महापालिकेच्या मौलाना अबुल कलाम आझाद योजनेतून 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. महिन्यावर वाटली तर 1,250 होतात. बारावीनंतर अण्णाभाऊ साठे योजनेत 25,000 पर्यंत. अर्ज ऑनलाइन असतो, दरवर्षीची मुदत चुकवू नका. शिवाय महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर तुमच्या प्रवर्गाची आणि उत्पन्नाची शिष्यवृत्ती बघा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात जायची वेळ येते. ते काम सध्या घरी असलेल्या वडिलांकडे द्या. त्यांनाही घरासाठी काहीतरी आणल्यासारखं वाटेल.

आणि समजा घराची गरज अजून वाढली, पूर्ण दिवस काम करावंच लागलं, तरी शाळा सुटत नाही. बाजीराव रोडवर सरस्वती मंदिराचं पूना नाइट स्कूल पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. दिवसा काम, संध्याकाळी वर्ग. दिवसाचं कॉलेज आणि रात्रीची नोकरी यापेक्षा हे शरीराला कितीतरी सोपं पडतं. त्यात कमीपणा काही नाही. या शहरात परगावच्या मुलांसाठी विद्यार्थी सहाय्यक समितीने 1955 पासून वसतिगृहं चालवली, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कमवा आणि शिका या विचारावर कितीतरी घरं उभी राहिली. तिथेही काम अभ्यासाच्या तासांभोवती बसवलेलं असायचं, अभ्यास कामाच्या भोवती नाही.

धाकटीसाठी आत्ताच लक्षात ठेवा: दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे प्रवेश रेंगाळत जुलै-ऑगस्ट उजाडतो. तिला कमवावंसं वाटलं तर हे तीन-चार महिने मोकळे असतात आणि अप्पा बळवंत चौकात शाळेच्या सीझनला हातही हवे असतात.

कॉलेजात वर्गशिक्षकांना परिस्थिती सांगा, लपवू नका. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली तर तेव्हा सांगून फार उपयोग होत नाही.

बीकेचं बघू. त्याचा सहामाहीचा पेपर काढा आणि गुण कुठे गेले ते कळवा. बँक जुळवणी पत्रकात, म्हणजे पासबुक आणि आपल्या वहीतली शिल्लक जुळवण्यात, गेले असतील तर काळजी नाही, तो सरावाचा भाग आहे. रोजकीर्दीतच डेबिट-क्रेडिट उलटसुलट होत असेल तर तिथूनच सुरू करावं लागेल. त्याला दोन सोमवार दुपारी कॉलेज सुटल्यावर माझ्याकडे पाठवा, मी शनिवार पेठेतच राहतो. येताना दुकानाच्या हजेरीची वही आणायला सांगा, तिच्यावरूनच शिकवतो.