आफ्रिकन भाषांवर समाजभाषाशास्त्रात करिअर होऊ शकतं का, आणि सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात भाषाविज्ञानात एम.ए. चालू आहे, आफ्रिकेतल्या भाषा आणि संस्कृतीवर पीएचडी करायची इच्छा आहे, घरचे विचारतात हे करून पुढे खाणार काय, आणि डिपार्टमेंटमधले सर म्हणतात आधी थिअरी पक्की करा मग बघू. मी याच वाटेने आले, स्वाहिलीवर काम करते, टांझानियातलं झांझिबार बेट आणि दार एस सलाम शहर हा माझा भाग, सध्या जर्मनीत शिकवते. तर मला जे माहितीये ते सांगते, जरा लांब होईल.

करिअर होतं. पण 'मला आफ्रिकन भाषांवर काम करायचंय' असं म्हणून कुठेच काही होत नाही, समोरचा पहिला प्रश्न विचारतो, कुठली भाषा? आफ्रिकेत २,००० च्या आसपास भाषा आहेत, एकट्या नायजेरियात ५०० च्या वर. टांझानियाचंच बघा ना, स्वाहिली आणि सुकुमा या बांटू गटातल्या, मसाई ही नायलोटिक गटातली, इराक्व ही कुशिटिक गटातली, आणि हाड्झा-सांडावे या क्लिकवाल्या, म्हणजे ज्यात जिभेने टक्क असा आवाज काढून व्यंजन होतं त्या. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली आफ्रिकेतल्या भाषांची चार मोठ्या कुळांत विभागणी केली होती, त्या चारही कुळांतल्या भाषा या एका देशात बोलल्या जातात (क्लिकवाल्या सगळ्या एकाच कुळातल्या हे आता फारसं कोणी मानत नाही, ते वेगळं). तर आधी एक भाषा निवडा, मग एक गाव किंवा एक वस्ती, आणि त्या भाषेत स्वप्न पडेपर्यंत ती शिका. थिअरीबद्दल सर सांगतायत ते चूक नाहीये पण माझं स्पष्ट मत आहे की या विषयात भाषा आधी, थिअरी तिच्या पाठोपाठ.

का ते सांगते. झांझिबारला बायका कांगा वापरतात, सुती कापड असतं, जोडीने विकतात, चारी बाजूंनी काठ, मधे मोठी नक्षी आणि खालच्या काठाला लागून एक ओळ छापलेली. बऱ्याच कांगा छापून येतात आपल्या भारतातूनच. ती ओळ कधी म्हण असते, कधी देवाचं नाव, कधी सरळ टोमणा. एक नेहमी दिसणारी ओळ आहे, उसिसाफिरिए न्योता या म्वेन्झिओ, म्हणजे दुसऱ्याच्या ताऱ्याच्या भरवशावर प्रवासाला निघू नकोस. आता ही कांगा गुंडाळून एखादी बाई शेजारणीच्या दारावरून दोनदा गेली, तर तोंडाने ती काहीच बोललेली नसते. कोणी हटकलंच तर म्हणेल अगं रंग आवडला म्हणून घेतली. पण जिला कळायचं तिला कळलेलं असतं आणि गल्लीतल्या बाकीच्यांनाही. तारब म्हणजे तिथलं गाणं-बजावणं, त्याच्या कार्यक्रमात पण हेच, गायिका एक ओळ गाते आणि नेमक्या त्या ओळीला एखादी प्रेक्षक उठून, सगळ्यांच्या समोरून चालत जाऊन गायिकेला पैसे देते, झालं, जो निरोप पोचवायचा तो पोचला. बोललं कोण, कोणाला उद्देशून, आणि त्याची जबाबदारी कोणावर, हे समाजभाषाशास्त्रातले अगदी गाभ्याचे प्रश्न आहेत आणि ते तिथे अंगणात वाळत घातलेले दिसतात. पण तुम्ही प्रश्नावली आणि दुभाषी घेऊन गेलात तर उत्तर मिळणार 'ही नुसती म्हण आहे', आणि ते अगदी गोड हसून. बायका दुपारी भाजी निवडत बसतात तिथे शेजारी बसून, कोण कोणावर का रुसलंय हे तुमचं तुम्हाला कळायला लागलं की मग त्या कपड्यावरची ओळ कळते.

दुसरं उदाहरण अभ्यासातलंच देते. कॅरल मायर्स-स्कॉटन यांचं १९९३ सालचं कोड-स्विचिंगवरचं, म्हणजे बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जाण्यावरचं पुस्तक आहे, त्यात नैरोबीतल्या एका ऑफिसच्या दारावरचा प्रसंग येतो. भेटायला आलेला माणूस आणि सिक्युरिटी गार्ड स्वाहिलीत बोलतायत, एकदम औपचारिक. बोलता बोलता पाहुणा सांगतो की ज्याला भेटायचंय तो लुह्या समाजाचा आहे, तसा गार्ड हसतो आणि लुह्या भाषेवर येतो. मुंबईत वॉचमनला समोरचा मालवणी निघाला की गेटवर जे होतं ना, तेच. त्या क्षणी दोघांमधलं नातं बदललं आणि ते भाषेने बदललं, आणि मायर्स-स्कॉटन यांचा मुद्दा हा की माणसं हे हिशोब करूनच करतात. यावर नंतर बरीच टीका झाली, खास करून शहरातल्या तरुण मुलांच्या बोलण्याला, म्हणजे नैरोबीतल्या शेंग वगैरेला, हा 'दोन भाषांमधे उडी' वाला हिशोब लागू पडत नाही कारण तिथे मिसळलेलं बोलणं हीच त्यांची भाषा आहे. ही चर्चा तुम्ही नीट वाचा. पहिल्या सेमिनारला उपयोगी पडेल.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल मला फार पोटतिडकीने वाटतं. आफ्रिकेतल्या भाषांच्या सीमा आज नकाशावर दिसतात तशा त्या कायम नव्हत्या, बऱ्याच मिशनऱ्यांनी आणि वसाहतींच्या सरकारांनी ठरवल्यात. झिंबाब्वेतली शोना घ्या, वेगवेगळ्या मिशनांनी वेगवेगळ्या बोली लिहून काढल्या होत्या, मग १९३१ साली क्लेमंट डोक यांच्या अहवालाने त्यांची एक प्रमाण भाषा करायची शिफारस केली. स्वाहिलीत १९३० च्या सुमाराला समिती बसली आणि झांझिबार शहराच्या बोलीवर प्रमाण भाषा उभी राहिली, मोम्बासाची बोली, जिच्यात जुनी भरघोस कविता आहे, ती मागे पडली. म्हणून सिनफ्री माकोनींसारखे अभ्यासक विचारतात की भाषा मोजायच्या आधी त्या 'बनवल्या' कोणी ते बघा. आयो बामग्बोशे (इबादान), राजेंद मेस्त्री (केपटाऊन) यांना आधी वाचा. मेस्त्रींनी तर दक्षिण आफ्रिकेत गिरमिटिया मजुरांबरोबर गेलेल्या भोजपुरीचं काय झालं यावर काम केलंय, आपल्याला ते वाचताना वेगळाच आनंद होतो. दार एस सलाम विद्यापीठाची स्वाहिली संस्था 'किस्वाहिली' आणि 'मुलिका' ही नियतकालिकं काढते आणि त्यात पुष्कळ लेखन स्वाहिलीतच असतं, ते वाचता येत नसेल तर तिथले लोक स्वतःच्या भाषेबद्दल काय म्हणतात ते तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागेल.

विषय शोधत असाल तर शाळा हा विषय अजून संपलेला नाही. टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी. वर्गात काय होतं, शिक्षक फळ्यावर नोट्स इंग्रजीत लिहितात, समजावतात स्वाहिलीत, मुलं फळा उतरवून घेतात आणि परीक्षेत इंग्रजीत लिहायचं म्हणून पाठ करतात. २०१४ च्या शैक्षणिक धोरणात वरपर्यंत स्वाहिली आणायचं म्हटलं गेलं पण माध्यमिकला इंग्रजीच राहिली. आपल्याकडे सेमी-इंग्रजीचे वर्ग ज्यांनी बघितलेत त्यांना हा वर्ग बसल्या बसल्या ओळखू येतो आणि तुलना करणारं काम कोणीतरी मराठी माणसाने करावं असं मला मनापासून वाटतं.

आणि व्हिसा न काढता पण सुरुवात होते. उत्तर कन्नडमधे यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी लोक आहेत, पूर्वज आफ्रिकेतले, घरात कोकणी बोलतात. मॉरिशसला मराठी कुटुंबं १९ व्या शतकापासून आहेत, तिथे रोजच्या बोलण्यातल्या क्रिओल भाषेचा रेटा आणि शाळेत शिकवली जाणारी मराठी यांच्यात काय चाललंय हा अख्खा पीएचडीचा विषय आहे. आणि तुम्ही पुण्यात आहात तर सांगलीजवळचं कुपवाड माहीतच असेल, गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली तिथल्या मराठी, कन्नड, उर्दूची व्याकरणं एकमेकांच्या किती जवळ आली ते दाखवलं, जगभर शिकवतात तो लेख. तसलं एखादं छोटं फील्डवर्क एम.ए.लाच करा, कारण रेकॉर्डिंग, परवानगी, ट्रान्सक्रिप्शन हे सगळं हाताला लागायला हवं. चार जणांच्या घरगुती गप्पांचं एक तासाचं रेकॉर्डिंग ईलान या ट्रान्सक्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधे नीट उतरवायला आठवडा सहज जातो, कारण सगळे एकाच वेळी बोलतात.

स्वाहिली शिकायची तर दिल्ली विद्यापीठाच्या आफ्रिकन स्टडीज विभागात (१९५५ पासून आहे) शिकवतात, मुंबई विद्यापीठात कलिनाला आफ्रिकन स्टडीजचं केंद्र आहे पण तिथे भर राजकारण, अर्थकारण, इतिहास यावर. पीएचडीसाठी बायरॉइट, हॅम्बुर्ग, कोलोन, लायडन, लंडनचं सोआस ही नेहमीची नावं. सोआसची परदेशी विद्यार्थ्यांची फी स्कॉलरशिपशिवाय झेपणारी नाही. जर्मनीत पीएचडी म्हणजे बऱ्याचदा पगारी अर्धवेळ नोकरी, फी जवळपास नाहीच, म्हणून आपल्यासारख्यांना ते जमतं. केपटाऊन आणि दार एस सलाम पण बघा, लोक सुचवत नाहीत, मी सुचवते.

आता घरच्यांचा प्रश्न, तो रास्त आहे. भारतात आफ्रिकन भाषांच्या नावाने जागा जवळजवळ नाहीत, नोकरी लागेल ती भाषाविज्ञान विभागात आणि तिथे ध्वनिविचारापासून सगळं शिकवावं लागेल, म्हणून नेट परीक्षा आत्ताच देऊन ठेवा. जर्मनीत करार मुदतीचे असतात, कायद्याने साधारण पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं, आणि तोवर कायम जागा नाही मिळाली तर बाहेर पडावं लागतं, माझ्या ओळखीतले हुशार लोक असे बाहेर पडलेत. त्यातले काही आता भाषा-तंत्रज्ञानात आहेत, आफ्रिकन भाषांसाठी तिथे काम वाढतंय, २०१९ ला सुरू झालेला मासाखाने हा आफ्रिकन संशोधकांचा गट बघा, खुला आहे. हे सगळं घरी जसंच्या तसं सांगा, लपवून काही उपयोग नाही.

फील्डवर्कला जाताना टांझानियात कॉस्टेक या सरकारी संस्थेचं रिसर्च परमिट लागतं, झांझिबारचं वेगळं, केनियात नाकोस्टी या तिथल्या तशाच संस्थेचं. कित्येक महिने आधी अर्ज करा.

आणि सुपरवायझरला पहिला ईमेल कराल तेव्हा 'मला आफ्रिकन संस्कृतीची आवड आहे' लिहू नका, असे ईमेल मला दर सत्राला येतात आणि त्यांना काय उत्तर द्यायचं कळत नाही. कुठली भाषा, कुठली जागा, तिथे कोण कोणाशी काय बोलतं त्याबद्दलचा तुमचा एक प्रश्न, आणि आज ती भाषा तुम्हाला किती येते, एवढं एका पानात बसवा. स्वाहिली निवडलीत तर निदान पहिला परिच्छेद स्वाहिलीत लिहा, चुका असल्या तरी चालतील, तो मी नक्की वाचेन.