वाचकांचे प्रश्न : ‘यान्स’ हे आडनाव नव्हे

सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डचांची ‘न्यू नेदरलँड’ ही वसाहत होती. तिचं मुख्य ठाणं न्यू अॅमस्टरडॅम, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन बेटाचं दक्षिण टोक. तिथे येऊन वसलेल्या बायकांची कुळकथा कशी शोधायची, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या सूनबाईंचं माहेर न्यू जर्सीचं. त्यांच्या आजीच्या वहीत मूळ बाईचं नाव ‘ग्रीट्ये यान्स, १६५० च्या सुमारास आली’ एवढंच लिहिलेलं आहे. या नावाच्या कितीतरी बायका सापडतात आणि प्रत्येकीचा नवरा निराळा. आमची कोणती, हे ठरवायचं कसं?

यान्स हे आडनाव नव्हे, ते वडिलांचं नाव आहे. यान्स म्हणजे यानची मुलगी. त्या काळी तिथल्या बहुतेक घरांना पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव नव्हतं, आणि यान तर गल्लोगल्ली होते. एकच बाई कुठे यान्स, कुठे यान्सेन, तर कुठे यान्सद्र अशी लिहिलेली दिसते. शेवटचं रूप ‘यान्सडॉख्टर’चं संक्षिप्त. नुसत्या नावावर विसंबून दोन ग्रीट्ये एक करणं ही या शोधातली सगळ्यात मोठी चूक. संगणकावर तयार मिळणारे वंशवृक्ष अशाच जोडकामाने भरलेले असतात.

पण याच पद्धतीत मोठी सोयही आहे. डच बाई लग्नानंतर नाव बदलत नसे. लग्न, बाळांचे बाप्तिस्मे, कोर्टातली साक्ष, मृत्युपत्र, सगळीकडे ती वडिलांच्याच नावाने येते. दोनदा विधवा होऊन तिसरं लग्न केलं, तरी ग्रीट्ये यान्स ती ग्रीट्ये यान्सच. त्याच काळातल्या इंग्रज बाईचं माहेर शोधताना जी भिंत आडवी येते, ती इथे नाही.

सुरुवात सूनबाईंपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. वहीतल्या नावापासून पुढे येऊ नका. प्रत्येक पायरीला असा एक तरी कागद हवा, ज्यात मूल आणि आईबाप एकत्र नोंदलेले आहेत. सतराव्या शतकात पोचलात की तक्ता आखा. प्रत्येक ग्रीट्येला एक ओळ द्या आणि त्यात नवरा, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा, साक्षीदार, गाव आणि शेवटची नोंद लिहा. मुलं साधारण दोन-दोन वर्षांच्या अंतराने येतात. एकाच ‘आई’ला सात महिन्यांत दोन बाळं दिसली, तर त्या दोन बायका आहेत हे नक्की. चार वर्षांची पोकळी दिसली, तर शेजारच्या गावाचं दफ्तर उघडा.

नवऱ्याचं नावही असंच निसरडं असतं. ब्रुकलिनच्या वायकॉफ घराण्याचा मूळ पुरुष १६३७ मध्ये आला तो पीटर क्लासेन म्हणून, म्हणजे क्लासचा मुलगा पीटर. वायकॉफ हे आडनाव त्याने इंग्रजी अंमल आल्यावर घेतलं. त्याला त्याआधीच्या कागदांत ‘वायकॉफ’ म्हणून शोधणारा हात हलवत परत येतो. बाईच्या पहिल्या नावाचीही रूपं जमवून ठेवा : ग्रीट्ये म्हणजे मार्गारेट, त्रैन्ट्ये म्हणजे कॅथरिना, नेल्ट्ये म्हणजे कॉर्नेलिया, यानेट्ये म्हणजे योहाना. इंग्रज लेखनिक यानेट्येची सरळ ‘जेन’ करून मोकळा होतो.

प्रश्न : बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदार म्हणून तीन-चार नावं असतात. त्यांचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि तोच सर्वांत जास्त. साक्षीदार म्हणजे बाळाचे धर्मपालक. ते बहुधा मामा, मावशी, आत्या, आजी-आजोबा यांपैकी असत. आईचं माहेर ज्या रकान्यात लपलेलं असतं, तो हाच. एकाच आईच्या सहा बाळांच्या साक्षीदारांची यादी एकाखाली एक लिहा. ‘हेंड्रिक यान्सेन’ किंवा ‘एन्गेल्ट्ये यान्स’ असं एखादं नाव दोन-तीनदा आलं, तर तो तिचा भाऊ किंवा बहीण असण्याची शक्यता मोठी. मग त्या भावाची लग्ननोंद शोधा. त्यात मूळ गाव लिहिलेलं असेल, तर तेच तिचं असू शकतं. मात्र गव्हर्नर, धर्मगुरू किंवा गावातला बडा व्यापारी साक्षीदार असेल तर त्यावरून नातं जोडू नका. त्यांना मान म्हणून बोलावत.

मुलांच्या नावांचाही क्रम असे. पहिले दोन मुलगे आणि पहिल्या दोन मुली यांना चारही आजी-आजोबांची नावं ठेवण्याची रीत होती. आधी कोणाचं, हे घराघरावर अवलंबून. दोन मुलींपैकी एकीचं नाव नवऱ्याच्या आईचं निघालं, की दुसरीचं हे तुमच्या बाईच्या आईचं, असा अंदाज बांधता येतो. मूल दगावलं तर तेच नाव पुढच्या बाळाला देत, म्हणून एका घरात दोन ‘त्रैन्ट्ये’ दिसल्या तर गोंधळू नका. पहिली बहुधा वारलेली असते. विधवेचं दुसरं लग्न झालं, की पुढच्या मुलाला पहिल्या नवऱ्याचं नाव देण्याचीही चाल होती. हे सगळे अंदाज आहेत. पुराव्याचा कागद मिळेपर्यंत तक्त्यात ते पेन्सिलीनेच लिहा.

दफ्तरांचा आवाका आधी माहीत हवा. न्यू अॅमस्टरडॅमच्या डच चर्चच्या लग्न-बाप्तिस्म्याच्या नोंदी १६३९ पासूनच्या आहेत. त्याआधीच्या उरल्या नाहीत. ब्रुकलिन आणि हडसन नदीकाठच्या किंग्स्टनच्या १६६० पासून आहेत, त्याच नदीवर आणखी उत्तरेला असलेल्या ऑल्बनीचे बाप्तिस्मे १६८३ पासून. १६३० साली जन्मलेल्या मुलीचा बाप्तिस्मा शोधण्यात महिने घालवू नका. न्यू अॅमस्टरडॅमच्या सुरुवातीच्या नोंदींत बरेचदा फक्त बापाचं नाव असतं, आईचं नसतंच. तिथे लग्नाची नोंद आणि साक्षीदार यांच्या आधारानेच आई ठरवावी लागते. लग्नाच्या नोंदीत वधूच्या नावापुढे ‘योंगे डॉख्टर’ म्हणजे कुमारिका, किंवा ‘वेदुवे’ म्हणजे विधवा असं लिहितात, आणि विधवा असेल तर आधीच्या नवऱ्याचं नावही देतात. त्या एका शब्दाने दोन कुटुंबं जोडली जातात. छापील प्रतीत हा शब्द आखूड करून दोन-तीन अक्षरांत येतो आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

प्रश्न : बाई कोणत्या जहाजाने आली ते शोधतो आहे, पण प्रवाशांची यादीच मिळत नाही.

बहुतेक वर्षांची यादी नाहीच. ही वसाहत डच वेस्ट इंडिया कंपनीची, आणि कंपनीच्या जुन्या दफ्तराचा मोठा भाग १८२१ मध्ये रद्दी म्हणून विकला गेला. तेव्हा जहाजाचा नाद बाजूला ठेवा आणि अॅमस्टरडॅममधली लग्नाआधीची नोंद धरा. तिला ‘ओंडरट्राउ’ म्हणतात. ही दफ्तरं १५६५ ते १८११ पर्यंतची आहेत, अॅमस्टरडॅमच्या शहर अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्यांची नावसूची आहे आणि पानांची चित्रंही पाहता येतात. या नोंदीत वधू-वराचं मूळ गाव, वय, राहण्याची गल्ली, वराचा धंदा आणि वधूसोबत कोण आलं होतं, एवढं सगळं सापडतं.

कॅटलिना त्रिको हिचंच उदाहरण घ्या. ती १६२४ मध्ये आलेल्या पहिल्या कुटुंबांपैकी एक. १३ जानेवारी १६२४ च्या नोंदीत वर योरिस रापाल्ये, गाव व्हॅलेन्सिएन, कापड विणणारा, वय १९. वधू कॅटलिना, वय १८, राहणार ‘नेस’ या रस्त्यावर, सोबत बहीण, गाव ‘प्रिस’. आठवडाभराने, २१ जानेवारीला, वॉलून, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या, चर्चमध्ये लग्न लागलं. आता चौसष्ट वर्षांनी, १६८८ मध्ये, याच बाईने ब्रुकलिनमधल्या वॉलाबाउटच्या आपल्या घरी इंग्रज अधिकाऱ्यापुढे जबानी दिली. त्यात लिहिलं आहे : वय सुमारे ८३, जन्म पॅरिस, १६२३ साली ‘युनिटी’ जहाजाने आले.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. वय बिनचूक जुळतं. दोन्हीकडून जन्मसाल १६०५ च्या आसपास येतं. जहाजाच्या नावाचं भाषांतर झालेलं आहे, मूळ डच नाव ‘एन्द्राख्त’. दोन्हींचा अर्थ एकी. १६२३ हे साल चुकल्यासारखं दिसतं, पण इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे तिचं लग्न झालं तो जानेवारी इंग्रज लेखनिकाच्या हिशेबाने १६२३ मधलाच. राहिलं ‘पॅरिस’. ती मूळची प्रीश या खेड्यातली. ते खेडं आता उत्तर फ्रान्समध्ये आहे. लेखनिकाच्या कानाला प्रीश ओळखीचं नव्हतं, पॅरिस होतं. कित्येक वंशावळींत ती आजही पॅरिसची म्हणूनच आहे. शिवाय ती डच नव्हती, फ्रेंच बोलणारी वॉलून होती. वसाहतीतल्या पुष्कळ बायका अशा नॉर्वे, जर्मनी, फ्रान्सकडून अॅमस्टरडॅममार्गे आलेल्या. नोंदीत ‘व्हान अॅमस्टरडॅम’ दिसलं, तर ती तिथली मूळ रहिवासी होती असं धरून चालू नका.

ओंडरट्राउमध्ये नाव नसेल तर त्याच अभिलेखागारातली नोटरींची दफ्तरं पाहा. निघण्यापूर्वी लोक मुखत्यारपत्र, कर्जाची कबुली, नोकरीचा करार करून ठेवत. अक्षर मात्र वळणदार आणि अवघड असतं. हस्तलिखित वाचून देणारी संगणकप्रणाली आता मदतीला आहे, पण नावांवर ती अडखळते. प्रत्येक नाव मूळ पानावर डोळ्यांनी पडताळा.

प्रश्न : १६६४ मध्ये इंग्रज आल्यावर आमची बाई कागदांतून गायब होते. शिवाय ऑल्बनीच्या आगीत सगळं जळालं असंही ऐकलं.

सगळं जळालं नाही. मार्च १९११ मध्ये ऑल्बनीच्या सरकारी इमारतीला आग लागली तेव्हा डच कागदांच्या कडा करपल्या, पण मजकूर मोठ्या प्रमाणावर वाचला. सुमारे १२,००० पानं शिल्लक आहेत. चार्ल्स गेरिंग यांनी १९७४ पासून ती इंग्रजीत आणण्याचं काम चालवलं. न्यू नेदरलँड इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर ही भाषांतरं फुकट वाचता येतात. एकोणिसाव्या शतकातली जुनी भाषांतरं नावांच्या बाबतीत भरवशाची नाहीत.

बाई गायब होते त्याचं कारण कायद्यात आहे. डच कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक, निम्मी तिची. दोघं मिळून एकच मृत्युपत्र करत, त्यात तिचं नाव आणि सही किंवा खूण असे. इंग्रजी कायद्याने लग्न झालेल्या बाईची वेगळी कायदेशीर ओळखच पुसली, आणि हळूहळू ती नवऱ्याच्या आडनावाखाली गेली. तरी १६६४ च्या शरणागतीच्या करारात डचांच्या वारसाहक्काच्या चालीरीती राखल्या होत्या, म्हणून सामाईक मृत्युपत्रं त्यानंतरही बरीच वर्षं सापडतात. ती नवऱ्याच्या नावाने सूचीत असतात. तिच्या नावाने शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

आणखी तीन जागा. पहिली, न्यू अॅमस्टरडॅमच्या अनाथपालांचं दफ्तर, १६५५ पासूनचं : पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेला आधी मुलांचा बापाकडचा वाटा ठरवून द्यावा लागे, त्यामुळे मुलांची नावं, वयं आणि मामा-काका तिथे एकत्र मिळतात. रक्कम गिल्डरमध्ये असते, पण हॉलंडचं नाणं, बीव्हरची कातडी की शिंपल्यांच्या मण्यांची ‘सेवांत’, ते पाहा. सेवांतमधला गिल्डर बराच स्वस्त. दुसरी, धर्मगुरू सेलेन्स यांनी १६८६ मध्ये केलेली न्यूयॉर्कच्या चर्चसभासदांची यादी : रस्त्यावार आहे आणि विवाहित बायका त्यात स्वतःच्या नावाने आहेत. इंग्रजी अंमलाला बावीस वर्षं झाल्यावरही. तिसरी, १६८७ ची किंग्स काउंटीची (म्हणजे ब्रुकलिन भागाची) निष्ठाशपथ : नावं पुरुषांची, पण देशात येऊन किती वर्षं झाली ते बाहेरून आलेल्या प्रत्येकापुढे लिहिलेलं. नवऱ्याचं साल मिळालं की तिचं साल जवळ येतं.

प्रश्न : आम्ही आनेके यान्सचे वंशज आणि म्हणून ऑरेंजच्या (डच) राजघराण्यातले, असं एका छापील वंशावळीत आहे. डीएनए चाचणीने सिद्ध होईल का?

राजघराण्याची गोष्ट खोटी आहे. आनेके नॉर्वेच्या फ्लेक्केरॉय बेटावरची. तिची आई त्रैन योनास ही वसाहतीतली सुईण. आनेकेचं मॅनहॅटनवर ६२ एकरांचं शेत होतं, ते पुढे न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चकडे गेलं, आणि त्या जमिनीच्या आशेवर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. वारस ठरण्यासाठी लोक वंशावळी विकत घेत, म्हणून त्या काळातली छापील वंशावळ हा पुरावा धरू नका. तिचं मृत्युपत्र जानेवारी १६६३ चं आहे, त्यात मुलांची नावं आहेत. तुमची साखळी त्यातल्या कोणत्या मुलापर्यंत कागदाने पोचते, तेवढं पाहा.

नेहमीची डीएनए चाचणी इथे थिटी पडते. दहा पिढ्यांमागे १,०२४ पूर्वज होतात, आणि त्यांतल्या अनेकांचा एकही तुकडा तुमच्यात उरलेला नसतो. त्यात हडसन खोऱ्यातल्या डच घरांत आपसात लग्नं फार, त्यामुळे जुळणारा तुकडा कोणत्या वाटेने आला हे सांगता येत नाही. उपयोगी पडते ती फक्त आईकडूनच मुलांना मिळणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएची चाचणी, पण फक्त आई-मुलगी-नात अशा अखंड रांगेत. मूळ बाईच्या दोन वेगळ्या मुलींपासून सुरू होणाऱ्या दोन रांगा शोधा आणि आज हयात असलेल्या एकेका वंशजाची पूर्ण १६,५६९ अक्षरांची चाचणी करून घ्या. निकाल अगदी वेगळे आले, तर कुठेतरी साखळी चुकली आहे. जुळले, तरी त्यावरून फक्त आईकडची रांग एक ठरते. नाव कागदावरूनच ठरवावं लागेल.